म्हाताऱ्या माणसाचं पोट साफ होत नसेल तर

खान्देशातल्या उन्हाळ्यात घामाने अंग सुकतं, त्यात रात्री उठावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणीच टाळतात. मग खडा होतो. हृदय-किडनीचा त्रास नसेल तर दिवसभर थोडं थोडं करून दीड लिटर तरी पोटात जाऊ द्या, ताक धरून. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी चावत नसेल तर वरणात चुरून.

नाश्त्यानंतर 15 ते 30 मिनिटांनी आतडं आपसूक हलतं. तेव्हाच कमोडवर बसवा, पायाखाली वीतभर उंच चौरंग. गुडघे कमरेच्या वर आले की कुंथणं कमी होतं.

इसबगोल चमचाभर, पण पूर्ण ग्लास पाण्यात, फुगायच्या आत. अंथरुणाला खिळलेल्याला किंवा गिळताना ठसका लागणाऱ्याला नकोच. पाणी कमी पडलं तर आतच गोळा होतो. त्यांच्यासाठी लॅक्टुलोज या पोट साफ करणाऱ्या पातळ औषधाचं डॉक्टरांना विचारा. त्याला एक-दोन दिवस लागतात, त्याच रात्री दुसरा डोस ओतू नका. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा.

पातळ गळतंय म्हणून जुलाब थांबवायची गोळी देणं ही सर्रास होणारी चूक. पुष्कळदा आत खडा अडकलेला असतो आणि पाणी त्याच्या कडेने झिरपतं. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलटी किंवा रक्त आहे? एरंडेल पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.