ग्रांफू ते काझा : थारची चाके आणि टायर

गेल्या सप्टेंबरात आम्ही तिघे पुण्याहून महिंद्राची थार जीप घेऊन हिमाचलमधील स्पिती खोऱ्यात गेलो. मनालीपर्यंत सारे डांबरच असल्याने त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. टायरचा कस लागतो तो अटल बोगदा ओलांडून, कोकसरहून ग्रांफूला वळल्यावर. तेथून छत्रू, बातल आणि कुंझुम खिंडीमार्गे लोसरला जाणारी वाट आम्ही गेलो तेव्हा बहुतांशी दगडगोट्यांचीच होती आणि ठिकठिकाणी तिच्यावरून नाले वाहत होते.

निघण्यापूर्वी महिनाभर आमचा वाद चालला होता तो मड-टेरेन (चिखलासाठीचे) टायर घ्यावेत की ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे), यावर. मड-टेरेनची खोल नक्षी चिखलात उपयोगी खरी, पण जाता-येता हजारो किलोमीटर डांबरावर तिची घरघर ऐकत बसण्यात आणि ओल्या रस्त्यावर कमी पकड पत्करण्यात अर्थ नव्हता, म्हणून ऑल-टेरेन घेतले. तो निर्णय बरोबर ठरला. चूक झाली ती रिमबाबत, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाच्या मापाबाबत. थारच्या १८ इंची चाकावर २५५/६५ मापाचा (रुंदी २५५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के) टायर बसतो आणि त्याची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, साधारण १६६ मिलिमीटर भरते. १६ इंची चाकावरच्या २४५/७५ टायरची मात्र १८४ मिलिमीटर. दगडाचा मार बसतो तेव्हा रिम आणि दगड यांच्यामध्ये एवढेच रबर आणि हवा असते. मोठे चाक रुबाबदार दिसते, या एकाच कारणाने आम्ही १८ इंची ठेवले.

छत्रूच्या पुढे एका नाल्यात, पाण्याखालच्या धारदार दगडाने मागच्या डाव्या टायरची साइडवॉल करंगळीएवढी चिरली आणि आतले धागे बाहेर दिसू लागले. पंक्चर काढण्याची रबरी दोरी अशा ठिकाणी निरुपयोगी असते. जॅक खडीत रुतत होता, म्हणून त्याखाली पोळपाटाएवढा सपाट दगड सरकवला; लाकडी फळी सोबत ठेवावी. स्टेपनी होती जुनी, झिजलेली. खर्च वाचवायला पाचवा टायर घेतलाच नव्हता. तिचा व्यास इतर चाकांपेक्षा कमी असल्याने फोर-व्हीलमध्ये (चारही चाकांना ताकद देताना) यंत्रणेवर ताण येऊ नये, म्हणून नाले वगळता पुढचा सारा प्रवास आम्ही टू-व्हीलवरच, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर केला.

हवेचा दाब डांबरावर ३२ पीएसआय होता, तो दगडांवर २४ केला. त्याहून कमी केल्यास साइडवॉल फुगून कापली जाण्याचा धोका वाढतो. पुन्हा हवा भरण्यासाठी १२ व्होल्टचा पंप हवाच. उंचीवर बाहेरचा दाब घटल्याने, पुण्यात भरलेली हवा तशीच ठेवली तर कुंझुमला मापकावर सुमारे पाच पीएसआय जास्त दिसायला हवेत, पण थंडी त्यातले बरेचसे खाऊन टाकते. त्यामुळे खिंडीत आकडा पाहून घाईने हवा सोडू नये. खाली उतरल्यावर टायर नरम पडतात. नाले सकाळी लवकर ओलांडावेत, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी चढते.

स्पितीचे मुख्य गाव असलेल्या काझात आमच्या मापाचा टायर मिळाला नाही, त्यामुळे किन्नौरमार्गे परतीचा रस्ता त्याच झिजलेल्या स्टेपनीवर, मागे दुसरी स्टेपनी नसताना, ताशी चाळीसच्या वेगाने कापावा लागला.