बेडरूममधलं ५.१.२ : चौथा महिना, आरती आणि पंख्याची कटकट

बेडरूममध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉसचं, म्हणजे आवाज समोरून, मागून आणि वरूनही येईल असं मिक्सिंग करायला ५.१.२ लावतोय: भोवती पाच स्पीकर, खालच्या आवाजाचा एक सबवूफर आणि वर दोन. मागच्या अपडेटला समोरचे तीन आणि सबवूफर लागले होते. आता मागचे दोन लागले, वरचे दोनही लागले, म्हणजे इंटरफेसचे (कॉम्प्युटरमधून स्पीकरला आवाज देणारा डबा) आठच्या आठ आउटपुट संपले. ७.१.४ ला बारा स्पीकर लागतात, ते घोडबंदर रोडवरच्या आमच्या दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये लावले तर झोपायचं कुठे हा प्रश्न घरातून आधीच आलाय.

घर भाड्याचं, स्लॅबला ड्रिल करायचं नाही, म्हणून फॅब्रिकेटरकडून दोन लोखंडी स्टँड करून घेतले आणि वरचे स्पीकर त्यावर चढवले. आणि दोघांच्या बरोब्बर मधे सीलिंग फॅन! वरून तानपुरा सोडला की पात्यांवर आपटून आवाज असा थरथरतो, लहानपणी टेबल फॅनसमोर तोंड नेऊन आऽऽ करायचो ना, अगदी तसा. त्यामुळे सगळं मिक्सिंग पंखा बंद करून, घाम पुसत. एसी लावला तर त्याची घरघर.

खोलीचं मापही काढलं. अकरा फूट, दहा फूट आणि साडेनऊ फूट उंची, म्हणजे मोड (ज्या सुरांना खोली स्वतःच घुमते) येतात साधारण ५१, ५६ आणि ५९ हर्ट्झला, तिन्ही एकमेकांच्या मांडीवर बसलेले. डग्ग्याची घुमक खुर्चीत बसलं की डबल आणि दारात उभं राहिलं की अजून वेगळीच. आवाज शोषणाऱ्या चार इंची रॉकवूलने इतक्या खाली फारसं काही होत नाही, सबवूफर सरकवत सरकवत एक जागा सापडली, ती नेमकी कपाटाचं दार उघडतं तिथे. स्वीप (खालून वर सरकत जाणारा टेस्टचा सूर) वाजवला की कपाटाचं हँडल किणकिणतं ते वेगळंच, सध्या तिथे जुना मोजा कोंबलाय.

मागचे स्पीकर माझ्यापासून तीन फुटांवर, समोरचे साडेचार फुटांवर. डिले, म्हणजे मुद्दाम दिलेला उशीर, नसेल तर जवळच्याचा आवाज आधी पोचतो आणि सगळं गाणं पाठीमागे ओढलं जातं. दीड फुटाला साधारण १.३ मिलिसेकंद, तेवढा मागच्यांना दिला आणि चित्र जागेवर आलं.

आता मुद्द्याचं, हे सगळं करून फायदा काय. आधी एका मित्राचं भावगीत घेतलं, आवाज, पेटी, तबला, बास. पेटी मागे टाकून बघितली, तबला वर टाकून बघितला, दोन मिनिटं मजा वाटली, मग वाटलं तबलजी डोक्यावर कशाला बसवलाय? परत सगळं समोर आणलं, मागे फक्त थोडी रिव्हर्ब (घुमारा) ठेवली, आणि मग ते स्टिरिओच झालं की.

पण गेल्या गणपतीत घरची आरती चार माइक चार कोपऱ्यात लावून घेतली होती. स्टिरिओमध्ये तिचा नुसता कालवा होता, झांजेने सगळ्यांचे शब्द खाल्ले होते, ईक्यूने (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करून) झांज कापली तर आरतीतला जीवच जायचा. इथे शेजारच्या काकांची झांज मागे डावीकडे ठेवली, जिथे ते खरंच उभे होते, आणि काहीही न कापता शब्द सुटे झाले. आवाज वेगवेगळ्या दिशांनी आला की कान आपोआप वेगळे करतो, हे वाचलं होतं, पण आपल्या घरच्या आवाजात ऐकलं तेव्हा पटलं. शेवटी सगळे स्वतःभोवती फिरतात तिथे टाळ्या खोलीभर फिरतात. आईला ऐकवलं तर ती वळून बघत म्हणाली, "अरे, काका आले का?"

मग तेच मिक्स आयफोन आणि हेडफोनवर, आणि निम्मी हवा गेली. काका पाठीमागून उठून माझ्या कानात शिरले. डॉल्बीच्या बायनॉरलमध्ये (हेडफोनवर आवाज भोवती असल्याचा भास देणारं रूप) निअर, मिड, फार अशी अंतरं लावून जे जमवलं होतं ते ॲपलचा रेंडरर (मिक्समधून हेडफोनचा आवाज बनवणारं सॉफ्टवेअर) वापरतच नाही, तो स्वतःचं गणित लावतो. बहुतेक लोक तर हेडफोनवरच ऐकणार. अजून एक, अ‍ॅटमॉसचं मिक्स उणे १८ एलकेएफएसला (आवाज किती जोरात वाटतो त्याचं माप) द्यायचं असतं, स्टिरिओ मास्टर त्याहून बरंच जोरात असतं, त्यामुळे लेव्हल जुळवल्याशिवाय तुलना करू नका, जोरात असलेलंच चांगलं वाटतं.

वाशीला स्टुडिओ असलेल्या मित्राचं म्हणणं, त्याच्याकडे अजून एकाही क्लायंटने स्वतःहून अ‍ॅटमॉस मागितलेलं नाही. ॲपल म्युझिक २०२४ च्या जानेवारीपासून स्पेशियलमध्ये (अ‍ॅटमॉसच्या मिक्सला त्यांचं नाव) असलेल्या गाण्यांना १० टक्क्यांपर्यंत जास्त रॉयल्टी देतं, पण ती जाते लेबलला, बारा स्पीकरचा हप्ता भरणार हा. मी त्याच्या जागी असतो तर आधी त्याच पैशात स्टिरिओची खोली नीट केली असती. सत्तरच्या दशकात क्वाड्राफोनिक आलं आणि गेलं, तेव्हाही चार स्पीकर घरात कोण ठेवणार हाच घोळ होता. मी मात्र माझे आठ काढणार नाहीये, यंदाच्या गणपतीत पाचवा माइक मखराच्या वर लावायचाय.

तोपर्यंत पंख्याचं काहीतरी करायला पाहिजे. भिंतीवरचा पंखा कोणी लावलाय का अशा खोलीत? माइकमध्ये त्याचा आवाज किती येतो ते सांगा, रविवारी घ्यायला जातोय.