इंग्रजी कथेतला काळ: या फेरीत कुठवर आले

हरवलेल्या पत्राची माझी इंग्रजी कथा आता शेवटचा हात फिरवण्यापर्यंत आली आहे. कथानक, पात्रं, शेवट जागेवर आहे, म्हणून ही फेरी फक्त क्रियापदांसाठी ठेवली. हौसेनं इंग्रजीत लिहिणाऱ्या सगळ्यांनाच इथे अडायला होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी कथेचा मूळ काळ पक्का केला: साधा भूतकाळ. मुख्य घडामोडी त्यातच सांगायच्या. दुसरा कुठलाही काळ आला, तर त्याच्याकडे कारण हवं. घटना आधीची आहे, पात्र बोलतंय, किंवा गोष्ट आजही खरी आहे. कारण सापडलं नाही, तर क्रियापद बदलायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो धावपळीच्या प्रसंगांवर. मराठीत ‘तो आत गेला, बघतो तर काय, खोली रिकामी!’ असं आपण सर्रास सांगतो आणि गोष्ट रंगते. तोच ताल इंग्रजीत उतरला की असं होतं: ‘मीरा ओपन्ड द ड्रॉवर. द लेटर वॉज नॉट देअर. शी लुक्स अंडर द फाइल्स, शेक्स आउट एव्हरी एन्व्हलप, अँड देन शी हर्ड द गेट.’ दोन क्रियापदं भूतकाळात, दोन वर्तमानात, पाचवं पुन्हा मागे. तोंडी गप्पांत इंग्रजीलाही हे चालतं, पण कागदावर वाचक थबकतो. वेग हवा असेल तर काळाला हात न लावता वाक्यं तोडावीत. आता तो भाग असा आहे: ‘शी लुक्ड अंडर द फाइल्स. शी शुक आउट एव्हरी एन्व्हलप. नथिंग. देन द गेट क्रीक्ड.’ धावपळ आहे तशीच राहिली, किंबहुना वाढली.

दुसरी जागा ‘हॅड’ची. ‘काल मी त्याला भेटले होते’ हे मराठीत अगदी साधं विधान आहे. इंग्रजीत ‘आय हॅड मेट हिम’ म्हटलं की त्यानंतरची कुठली तरी घटना येणार, असं वाचक धरून चालतो आणि तिची वाट बघत राहतो. तिथे नुसतं ‘मेट’ पुरतं. म्हणून संगणकावर ‘हॅड’ शोधून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: कशाच्या आधी? उत्तर नसेल तर तो काढला. खऱ्या आठवणीच्या प्रसंगात मात्र तो हवाच, पण सुरुवातीपुरता: ‘हर फादर हॅड रिटन इट इन द हॉस्पिटल. ही हॅड आस्क्ड फॉर ब्लू इंक. द नर्स ब्रॉट ब्लॅक.’ तिसऱ्या वाक्यात ‘हॅड’ गेला तरी आपण अजून त्या हॉस्पिटलातच आहोत. बाहेर पडताना मात्र स्पष्ट खूण द्यावी लागते. मी परत ड्रॉवरवर आले.

संवादांच्या पाठोपाठ येणारी वाक्यंही तपासा. अवतरणचिन्हांतलं बोलणं वर्तमानात असतं, आणि हात त्याच ओघात पुढचं निवेदनही वर्तमानात लिहून टाकतो. शिवाय ‘तो म्हणाला की मी येतो’ ही आपली सवय. इंग्रजीत अवतरणचिन्हं काढली की ‘ही सेड ही वॉज कमिंग’ होतं, ‘विल’चं ‘वुड’ आणि बहुतेक वेळा ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’.

काळ मुद्दाम बदलायला माझी अजिबात हरकत नाही. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ कादंबरीत (१८५२-५३) एक निवेदक वर्तमानकाळात बोलतो आणि दुसरी निवेदक, नायिका एस्थर, भूतकाळात, पण दोघांची प्रकरणं वेगळी आहेत. बदल कुठे होतो हे वाचकाला दिसतं, म्हणून तो पेलतो. परिच्छेदाच्या मधेच, एका स्वल्पविरामानंतर झालेला बदल पेलत नाही.

तपासण्यासाठी मला कागदच बरा वाटतो. छापून घ्यायचं आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारायची, वर्तमानाला एक रंग, भूतकाळाला दुसरा. व्याकरण तपासणाऱ्या सोयींवर यात फार भिस्त ठेवू नका, कारण एकेक वाक्य सुटं वाचलं तर बरोबरच असतं. बिघाड दोन वाक्यांच्या मधे असतो.

एका वाक्यावर मी बराच विचार केला. शेवटून दुसरा परिच्छेद: ‘शी स्टिल हॅज द एन्व्हलप.’ सगळी कथा भूतकाळात आणि इथे ‘हॅज’. निवेदक हे आज सांगतोय आणि लिफाफा आजही मीराकडे आहे, त्यामुळे ते ठेवलं. फक्त त्याला स्वतंत्र परिच्छेद दिला. आता कथेचा सारांश लिहायचा आहे, आणि तो रिवाजाप्रमाणे सगळाच्या सगळा वर्तमानकाळात.