रुताक्काचा सरवा

परवा खानापूरहून बेळगावला येताना देसूरजवळ बस उगाचच थांबली. दुपारचे अडीच. खिडकीबाहेर भात कापून मोकळं झालेलं शेत आणि त्यात वाकून लोंब्या वेचणाऱ्या दोन बायका. हल्ली मशीनने कापणी होते, त्यामुळे मागे बरंच राहतं म्हणे. कितीतरी वर्षांनी तोंडात तो शब्द आला. शेजारच्या सीटवरच्या पोरीला म्हटलं, "सरवा वेचतायत बघ." तिने कानातलं काढून "काय?" विचारलं. मी म्हटलं, "काही नाही."

सरवा म्हणजे कापणीनंतर रानात मागे पडून राहिलेलं धान्य. हा शब्द मला दोनच ठिकाणी भेटलाय. आज्जीच्या तोंडी आणि बायबलात.

आमच्या सोप्यालगतच्या खोलीत एक नर्सबाई भाड्याने राहायच्या. त्यांच्या जाडजूड ग्रंथातलं रूथचं पुस्तक, चारच अध्याय, मी मे महिन्याच्या सुट्टीत आज्जीला वाचून दाखवायची. आज्जी बियाण्याच्या शेंगा फोडत बसलेली. रूथ हे नाव काही तिच्या जिभेला झेपेना, म्हणून पहिल्याच दिवशी तिची रुताक्का झाली, जणू मागच्या गल्लीतली. सासरा गेला, नवरा गेला, दीर गेला आणि ही पोर सासूचा पदर धरून परमुलखात निघाली, इथवर आज्जी गप्पच होती. तसल्या गोष्टी तिला नव्या नव्हत्या. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, पडलेलं उचलायचं नाही, ते गरिबांचं आणि परक्यांचं, हा मोशेचा नियम नर्सबाईंनी समजावला, तेव्हाही "बरा हाय कायदा" एवढंच. पण संध्याकाळी रुताक्काने वेचलेलं झोडपलं तर एफाभर सातू निघाले, हे ऐकल्यावर तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"एफा म्हंजे किती?"

साधारण 22 लिटरचं माप, नर्सबाई म्हणाल्या. गोडेतेलाचा डबा शिगोशीग भरून वर उरेल.

"एका दिसात? येवढा सरवा गावतोय व्हय कुटं? कुणीतरी मुद्दाम टाकलंय बघ."

आणि टाकलेलंच होतं. पेंढ्यांतून थोडं थोडं उपसून तिच्या वाटेत सोडा, तिला बोलू नका, असं शेताचा मालक बवाज याने गड्यांना सांगून ठेवलं होतं. ती ओळ मी घाईत गाळली होती. आज्जीने ती मापावरून ओळखली.

रूथचं कौतुक सगळेच करतात. माझा जीव मात्र अर्पात अडकतो. दुसरी सून. तीही रडली, तिनेही सासूचा मुका घेतला आणि मग माहेरी गेली. जा म्हणून सासूनेच तर सांगितलं होतं! पुढे तिचं नावसुद्धा नाही. आमच्या या सीमेवर रूथ घरोघरी सापडतात. माझी आत्या हुक्केरीकडे कन्नड घरात दिली. तुमचे लोक ते माझे लोक, हे रूथसारखं म्हणायला एक वाक्य पुरतं. पण सासूने उप्पू, म्हणजे मीठ, मागितलं की ही तूप नेऊन द्यायची. दोन वर्षं असंच चाललं. रूथला भाषेची अडचण आली का, याबद्दल ग्रंथात चकार शब्द नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे', मी अधूनमधून काढते ते यासाठीच. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले 1895 साली, लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला 1900 मध्ये. मधली पाच वर्षं ही बाई अर्पाही होती आणि रूथही. एका रात्रीत बदलणारी माणसं मला पुस्तकातसुद्धा खपत नाहीत. ख्रिस्ती झालेले लेखक बाबा पदमनजी आमच्या बेळगावात जन्मलेले, 1831 साली. त्याचा मी जरा तोरा मिरवते. विधवांची दैना मांडणारी त्यांची कादंबरी 'यमुनापर्यटन' आली 1857 मध्ये, तेव्हा असं लिहायला छाती लागत असणार. पण त्यातली यमुना इतकी शहाणी, की तिच्याशी चहा पीत बसावंसं वाटत नाही.

आज्जीला सगळ्यांत आवडायची ती सासू, नामी. गावी परतल्यावर बायका विचारतात, ही नामीच ना? तर म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. "खरं बोलली म्हातारी," आज्जी म्हणायची.

आज्जीचं कुंकू फार लवकर पुसलं गेलं. खुरप्याने दुसऱ्यांची रानं उकरून तिने शेंगांचा सरवा वेचला, बाबांना शाळेत घातलं. हे मला तुकड्यातुकड्याने कळलं, तिच्याकडून फारसं नाहीच. त्या दुपारी मात्र मी विचारलं होतं, "तुला कधी गावला का गं, डबाभर?"

"गावला. एकदा."

"मग तो कुणी टाकला होता?"

आज्जीने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"वाच फुडं," ती म्हणाली.