काहील उतरवण्याची वेळ

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचे पाणी उतरून त्यातला संध्यामठ उघडा पडला होता, तेव्हा काठावर बसून केलेले त्याचे जलरंगचित्र मी माझ्याच हाताने बिघडवले. वीस मिनिटांत आकाश आणि पाणी मनासारखे उतरले होते. मठाची सावली मात्र किंचित तिरकी वाटली, म्हणून अर्धवट वाळलेल्या रंगावर मी ओला कुंचला फिरवला. त्या पाण्याने आधीचा रंग बाजूला ढकलला आणि दातेरी कडांचा डाग पडला. तो झाकायला आणखी एक थर दिला, मग आणखी एक. शेवटी कागदाचे तंतू निघू लागले आणि सारे गढूळ झाले.

पोटापाण्यासाठी मी भाषांतरे करतो आणि तिथेही हेच चालते. एका माहितीपुस्तिकेतील एकाच शब्दावर अडून मी ती दोन दिवस उशिरा दिली. तो शब्द कोणाच्या लक्षातही आला नाही. उशीर मात्र आला आणि पुढचे काम दुसऱ्याकडे गेले.

ह्यूइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा, आणि इतरांना आपल्याकडून ती आहे असा समज. माझे दुखणे तिसऱ्या प्रकारातले. गावातल्या चित्रकारांची थोर परंपरा (आबालाल रहिमान याच रंकाळ्यावर रंगवत) मी उगाच पाठीवर घेऊन बसत असे.

खरी समज मला मामांच्या गुऱ्हाळावर आली. काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, उसाचा रस रटरटत होता, भेंडीच्या चिकाने वर आलेली मळी काढून झाली होती आणि चुलवाणात चिपाडे सारली जात होती. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून, बोटांनी त्याची गोळी वळून गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाहत होता. लवकर उतरवले तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. मधली वेळ अगदी थोडी. 'अजून जरा थांबलात तर रंग खुलेल का?' असे मी विचारताच तो हसला. 'आनि जरा म्हटलं, की गूळ न्हाई, कोळसा हुतोय बघा,' असे म्हणत त्याने हाक दिली आणि चौघांनी काहील गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतली. तो गूळ सर्वोत्तम होता की नाही, याची चर्चा कोणी केली नाही. दुसऱ्या काहिलीचा रस तयार होता.

आता चित्राला बसताना मी मोबाईलवर चाळीस मिनिटांचा गजर लावतो आणि तो वाजला की कुंचले धुतो. भाषांतराचे तितके साधलेले नाही. परवा मजकूर वेळेवर पाठवला आणि रात्री त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडली. तासभर तळमळलो, मग सकाळी दुरुस्तीचा दोन ओळींचा ईमेल पाठवून पुढच्या कामाला बसलो.