वेणी घालताना हात भरून यायचा, तेव्हाच कळायला हवं होतं

लेकीची वेणी म्हणजे पाच मिनिटांचं काम. गेल्या पावसाळ्यापासून मात्र अर्धी वेणी झाली की माझा डावा हात असा भरून यायचा की पेड सोडून हात खाली घ्यावा लागायचा, आणि खाली सोडला की दोन मिनिटांत ठीक. त्यात मानेला डाव्या बाजूला, जिथे ठोके लागतात बरोबर तिथंच, दाबलं की दुखायचं, मग काय उशी बदलली. संध्याकाळी कणकण. वजन चार किलो उतरलं तर सोसायटीतल्या बायका विचारतात कुठलं डाएट करतेस!

एका डॉक्टरांना टीबीचा संशय आला, तपासण्या झाल्या, निघालं काहीच नाही. ईएसआर, म्हणजे अंगात कुठे सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी, तेवढा 86, म्हणजे बराच जास्त. बीपी दर वेळी उजव्याच हाताला घ्यायचे, कारण खुर्ची तशीच ठेवलेली.

शेवटी सासूबाई पंचवटीत त्यांच्या जुन्या वैद्यांकडे घेऊन गेल्या, मी नाक मुरडतच गेले. नाडीपरीक्षेत बायकांचा डावा हात बघतात. त्यांनी बोटं ठेवली, सरकवली, परत ठेवली, डोळे मिटले. मग उजवा हात मागितला आणि म्हणाले, "बाळ, काढाबिढा राहू दे, ह्या डाव्या हाताला नाडीच लागत नाहीये. आधी हार्टवाल्यांना दाखव."

तिथे वरचं बीपी उजवीकडे 138, डावीकडे 94. दोन हातांत सारखा 10 च्या वर फरक आला तरी बघायला पाहिजे म्हणे, माझा 44! सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, डाव्या हाताला जाणारी मोठी धमनी अरुंद, मानेतल्या धमनीची भिंत सुजलेली. टाकायासु आर्टेरायटिस. 1908 मध्ये टाकायासु नावाच्या जपानी डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्यांबद्दल सांगितलं होतं, त्यावरून हे नाव. आपलीच प्रतिकारशक्ती महाधमनीवर आणि तिच्या फांद्यांवर उलटते, जास्त करून चाळिशीच्या आतल्या बायकांत. कुणाकुणाची किडनीची धमनी अरुंद होते आणि पंचविशीतच बीपी वाढतं, आणि घरचे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस.

सध्या स्टिरॉइड, शिवाय आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध. तोंड पुरीसारखं फुगलंय. ईएसआर 22 वर आला, डावी नाडी अजून नाही, वेणी दोन टप्प्यांत घालते. सासूबाईंनी बीपीचं मशीन आणलंय आणि येईल त्याला, परवा तर सिलिंडरवाल्यालासुद्धा, दोन्ही हात पुढे करायला लावले.