दोर

जुलैतली सकाळ. सहालाच आशाताईंचा फोन आला, "भाऊ, पोडावर हगवण लागली. रातच्यापासून सात जणं."

यवतमाळ जिल्ह्यातलं कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती. मी आरोग्यसेवक. ओआरएसचे पुडे, पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाची बाटली आणि उरलंसुरलं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घेऊन गाडीला किक मारली. दोन लेकरांचे डोळे खोल गेले होते, त्यांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. मग पाण्याकडे वळलो.

हातपंप बंद, सगळं पोड शेजारच्या वावरातल्या विहिरीवर. नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले. पिवळी छटासुद्धा नाही, म्हणजे क्लोरीनच नाही.

"दादा, आजच्या दिवस दोर काढून घ्या," मी मालकाला म्हटलं.

"मायी विहीर, मायं वावर. काऊन काढू? कागद हाय का तुमच्यापाशी?"

कागद नव्हता. मी फार तर पाणी धोक्याचं असल्याचं लाल कार्ड देऊ शकतो, तेही ग्रामपंचायतीला आणि सार्वजनिक स्रोतासाठी. ही विहीर तर माझ्या यादीतच नव्हती. टीसीएल विकत घ्यायचं ग्रामपंचायतीनं, आणि ग्रामसेवक तीन गावांचा कारभार सांभाळत त्या दिवशी तालुक्याला मीटिंगमध्ये.

"तवा तं मायाच पोराच्या हातावर शिक्का मारला होता तुमी!"

खरं होतं. 2020 च्या मार्चमध्ये पोरगा पुण्याहून आला, आणि मी त्याला चौदा दिवस घरात बसवलं. माणूस मीच, पगार तोच. पण तेव्हा 1897 चा साथरोग कायदा लागू होता, कलेक्टरांचा आदेश खिशात होता. मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला हा कायदा राज्य सरकारनं लागू केला की आमच्यासारख्याच्या शब्दालाही वजन येतं. 2022 च्या एप्रिलपासून निर्बंध उठले, वजनही गेलं. तसे हुकूम कायमचे हातात असावेत असं मला वाटत नाही. त्या दिवसांत पोलिसांनी किराणा आणायला निघालेल्यांनाही झोडलेलं मी पाहिलंय. पण एका विहिरीपुरता, एका दिवसापुरता? तेवढा तरी असावा.

शेवटी आशाताई पुढे झाल्या. मालकाच्या बायकोला हाताला धरून आजारी म्हातारीच्या खाटेपाशी घेऊन गेल्या. परतल्यावर ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही, सरळ दोर ओढून काढला आणि वेटोळं करून घरात नेला.

हजार लिटरला अडीच ग्रॅम, असा हिशेब करून टीसीएल टाकलं. तासाभरानं ओटी पिवळी आली. मालक बांधावर बसून पाहत होता.

"मंग कवा लावू दोर?"

"उद्या. मी परत तपासल्यावर," मी म्हटलं. तेवढं सांगायचाही अधिकार मला नव्हता.